साडेचार लाखांत फिरतं घर : आधी आरसी, मग गादी

प्रश्न :

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचे हे एसटीत चालक होते, तेही आता घरीच असतात. आम्हा दोघांना नर्मदा परिक्रमा करायची आहे. पायी होणार नाही, माझे गुडघे गेलेत. खाली सतरंजीवर झोपलं की सकाळी उठवत नाही, म्हणून यात्रा कंपनीच्या बसचाही धीर होत नाही. झोपायची सोय असलेली आपलीच एखादी जुनी गाडी घ्यावी, परिक्रमा झाली की कोकण, पंढरपूर, गाणगापूर असं जमेल तसं फिरावं, असा बेत आहे. जवळ साडेचार लाख आहेत.

पुण्यात एका डीलरकडे २०१३ची ट्रॅव्हलर (मिनीबस) पाहिली. आत पलंग, सनमायकाची कपाटं, बेसिन, गॅसची शेगडी, सगळं तयार. पाच सांगतोय, पावणेपाचला देतो म्हणतो. आम्ही ११,००० रुपये टोकन दिलं. घरी येऊन आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स नीट वाचली, तर त्यावर ‘मॅक्सी कॅब’ लिहिलंय आणि गाडीच्या नंबराची पाटी तर पांढरी आहे. डीलर म्हणतो, ‘आपला एजंट आहे, नंतर करून देतो.’ ह्यांना गाडी फार आवडलीय. पुण्याला असलेला मुलगा नको म्हणतो. पतसंस्थेतून थोडे काढून घ्यावी का?

– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर :

ताई, ही गाडी घेऊ नका. टोकन परत मागा. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर त्या ११,००० रुपयांवर पाणी सोडा, पण ते वाचवायला म्हणून पावणेपाच लाख घालू नका. पतसंस्थेची पायरी तर चढूच नका. परिक्रमेचा बेत मात्र अजिबात सोडू नका. साडेचार लाखांत तुम्हा दोघांची झोपायची सोय होते आणि रस्त्यासाठी चार पैसे हातात राहतात. फक्त त्यासाठी वेगळी गाडी बघावी लागेल.

आरसी तुम्ही घरी येऊन वाचलीत, हे फार चांगलं झालं. बहुतेक लोक आतला पलंग बघतात आणि सही करतात. मॅक्सी कॅब म्हणजे भाड्याने प्रवासी नेणारं, चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवाशांचं वाहन. त्याची पाटी पिवळी असते, काळ्या अक्षरांची. पांढरी पाटी खासगी गाडीची. आरसी मॅक्सी कॅबची आणि पाटी पांढरी, याचा अर्थ कुणीतरी पाटी बदलली आहे, नोंदणी बदललेली नाही. पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला नंबर आहे का, ते तुमच्या लक्षात आहे का? ती एचएसआरपी, म्हणजे सक्तीची सुरक्षा पाटी, आरटीओच्या नोंदीप्रमाणे मिळते. मॅक्सी कॅबला ती पांढरी मिळणारच नाही. म्हणजे या गाडीला बहुधा साधी, रस्त्यावर रंगवून घेतलेली पाटी असणार. एवढ्या एका गोष्टीवरून ती साताऱ्याच्या नाक्यावरसुद्धा अडेल, आणि तुम्हाला तर ती घेऊन मध्य प्रदेशात आणि गुजरातेत जायचंय. प्रवासी वाहनाला परराज्यात परमिट लागतं, तिथला कर लागतो. दरवर्षी फिटनेसचा दाखला लागतो. ‘आम्ही नवराबायकोच आहोत, यात्रेला निघालोय’ हे खरं असूनही ऐकून घेतलं जाणार नाही, कारण कागद वेगळंच सांगतो.

दुसरी अडचण त्या कपाटांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात प्रत्येक बेकायदा फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बारा सीटच्या गाडीतल्या सीटा उपटून तिथे पलंग आणि मोरी केली आणि आरसीवर बाराच आसनं राहिली, तर तो फेरफारच. दंडापेक्षाही मला विम्याची काळजी वाटते. उद्या कुठे धडक झाली तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवून बघतो.

रीतसर कॅम्पर होतच नाही असं नाही. केंद्राच्या नियमांत ‘मोटर कॅराव्हॅन’ची व्याख्याच आहे: बसायला आसनं आणि टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा. आरटीओच्या नोंदीत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा वर्ग आहे. आपल्या राज्याने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण मान्यता घेऊन बांधलेल्या आणि तशीच नोंद असलेल्या गाडीची किंमत तुमच्या बजेटच्या फार पुढे जाते. बाजारात पाच लाखांना ‘रेडी कॅम्पर’ म्हणून दिसतात त्यांतल्या बऱ्याच गाड्या आधी पर्यटकांच्या, शाळेच्या नाहीतर ॲम्ब्युलन्सच्या असतात. आयुष्यभर राबून झाल्यावर त्यांना आतून प्लाय मारलेला असतो.

‘नंतर करून देतो’ यावर एवढंच. परमिट जमा करणं, कराचा फरक भरणं, वर्ग बदलणं ही कामं होण्यासारखी आहेत. पण ती डीलरने त्याच्या वेळेत, त्याच्या पैशाने आधी करावीत, नव्या आरसीची प्रत दाखवावी, मग बोलणी. पूर्ण पैसे हातात पडल्यावर त्याला ते करायची काही गरज उरत नाही. तुमच्या ह्यांचं हेवी लायसन्स आहे म्हणून त्याने तुम्हाला धीर दिला असेल, तर लायसन्सची अडचण इथे नव्हतीच. साडेसात टनांपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलंय.

आता शेगडी. याबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण दोन वयस्क माणसं बंद गाडीत रात्र काढणार आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून, मोरीतून वाट काढतो. गाडीत तो पलंगाखाली साचून राहतो, आणि या गाडीत सिलिंडरही पलंगाखालीच असणार. दुसरं, बंद जागेत काहीही जळलं, मग तो गॅस असो, कोळसा असो की जनरेटरचं पेट्रोल, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतून उठतच नाही. डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसी चालावा म्हणून जनरेटर लावला होता आणि त्याचा धूर तळाच्या भोकातून आत आला होता. ती गाडी चांगली, महागातली होती. म्हणून तुमच्या गाडीत शेगडी बसवूच नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक बर्नर बरोबर ठेवा, गाडीबाहेर, उघड्यावर, वारा अडेल अशा आडोशाला चहा-खिचडी करा, आणि झोपताना सिलिंडर बाहेर ठेवा. थंडी वाजली म्हणून आत शेगडी नाही, इंजिन चालू ठेवून हीटर किंवा एसीही नाही. ह्यांना हे आवर्जून वाचायला द्या. एसटीचे चालक रात्री गाडीत झोपलेले असतात, त्यांना वाटेल यात काय एवढं, पण बसचा डबा केवढा आणि ही जागा केवढी.

मग घ्यावं काय? माझं मत मारुती ईको. जुलै २०१९ नंतर बनलेली, पेट्रोल, पाच आसनी, एसीची, खासगी पासिंगची, शक्यतो एकाच मालकाची. जुलै २०१९ मुद्दाम सांगतोय. २०१६मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत ईकोला शून्य तारे मिळाले होते. २०१९च्या मध्यापर्यंत नियम बदलून एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याने ती किल्ल्यासारखी भक्कम झाली असं मी म्हणणार नाही. नाक आखूड आहे, पुढे बसणाऱ्याचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांत फारसं अंतर नाही. सत्तरच्या वर नेऊ नका आणि रात्री चालवू नका. पण सरळ इंजिन, प्रत्येक तालुक्याला मिळणारे पार्ट आणि खेड्यातल्या मेकॅनिकलाही माहीत असलेली गाडी, हे ओंकारेश्वर ते अमरकंटकच्या वाटेवर फार मोलाचं आहे. अशी ईको साधारण साडेतीन ते चार लाखांत मिळायला हरकत नाही. चारच्या पुढे जाऊ नका, नवीच पाच-साडेपाचच्या घरात येते.

ओम्नी स्वस्त पडेल, पण ती २०१९ला बंद झाली, आणि तुम्हा दोघांना लांबीला कमी पडेल. टाटा विंगर ऐसपैस आहे, मात्र जुनी, खासगी पासिंगची आणि गंज नसलेली शोधताना जीव जाईल. तिला वेगळी चेसिस नाही, सगळं बळ बॉडीतच, त्यामुळे पत्रा कुजला की गाडीच गेली. टवेराच्या कंपनीने २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, तिच्या पार्टसाठी वणवण नको. ‘बोलेरो कॅम्पर’ नावाला भुलू नका, ती डबल केबिनची पिकअप आहे, झोपायची गाडी नव्हे. आणि दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्या कुणी दाखवल्या तर हात जोडा. तिकडे जुन्या डिझेलवर २०१५पासून निर्बंधांची टांगती तलवार असल्याने त्या इकडे ढकलल्या जातात. त्यांना तिकडचा ना-हरकत दाखला (एनओसी) आणि इथला कर, दोन्ही लागतात.

गाडी बघायला जाताना मोजपट्टी, एक मोठा पुठ्ठा आणि तुम्ही स्वतः, तिघंही हवेत. ह्यांना एकटं पाठवू नका. ते इंजिन बघतील, तुम्ही झोपायची जागा बघायची आहे. पुढच्या सीटा चालवायला जमेल इतक्या पुढे घ्या, मागचं दार बंद करा आणि मधलं अंतर मोजा. ह्यांच्या उंचीत चार बोटं मिळवा, तेवढी लांबी सरळ मिळते की तिरपं झोपावं लागतं ते बघा. मधला बाक कसा दुमडतो, त्यावरून सपाट फळी जाते का, हे तिथेच पुठ्ठा टाकून दोघांनी आडवं होऊन पाहा. विकणारा हसला तर हसू दे. बाक कायमचा काढायचा असेल तर आरसीवरच्या आसनसंख्येचा प्रश्न येतो, म्हणून ते आधी आरटीओत विचारा. बाक न काढता जमलं तर सर्वांत बरं. मग तुमचे गुडघे: सरकत्या दारातून चढून बसा, उतरा, पुन्हा चढा. पाच-सहा वेळा. पलंगाच्या काठावर बसल्यावर पाय जमिनीला लागतात का? ईकोत उभं राहता येत नाही, बसूनच सगळं करावं लागतं, साडी बदलणंसुद्धा. ते जमणार नसेल तर आत्ताच कळलेलं बरं.

आतला पलंग गाडीला स्क्रूने ठोकू नका, उचलून काढता येईल असा करा. तो सामानात मोडतो आणि परिक्रमेनंतर गाडी पुन्हा गाडी होते. सुताराला १२ मिमीचा प्लाय पुरे आहे म्हणून सांगा, तो आपणहून १८चा सुचवेल. आठ बाय चारचा १८ मिमीचा एकच बोर्ड तीस किलोच्या वर भरतो. दोन-तीन बोर्डांत आणखी एक-दोन माणसांचं वजन घाटात चढवायचं कशाला? वरच्या कॅरिअरवर पाण्याची टाकीही नको. शंभर लिटर म्हणजे डोक्यावर शंभर किलो, आणि गाडी वळणावर झुलायला लागते. वीस लिटरचा नळाचा कॅन सीटच्या पायथ्याशी ठेवा. पलंगाचा सांगाडा मात्र पट्ट्यांनी गाडीतल्या मजबूत हुकांना आवळून बांधा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की तोच पाठीत येतो. आणि चालत्या गाडीत पलंगावर आडवं व्हायचं नाही. गुडघे कितीही दुखले तरी. थांबा, पडा, मग निघा.

आता ह्यांच्यासाठी. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला गाडी कशी ऐकायची ते मी सांगायला नको, फक्त ईकोपुरत्या दोन-चार गोष्टी. सकाळी लवकर, न कळवता जा. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलायला सांगा आणि गाडी सुरू करण्याआधी इंजिनजवळ हात धरा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी तयार करून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. (म्हणूनच सीटच्या मागे कुणी कपाट बांधलेली ईको घेऊ नका. सीट उलटली नाही तर रस्त्यात साधं काम करायलाही ते कपाट तोडावं लागेल.) मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, तेव्हा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा खटका आणि हाउसिंगची गुणगुण कान देऊन ऐका. सरकत्या दाराची खालची पट्टी, पायरीचा पत्रा, चाकांच्या वरची कड आणि छताची पन्हळ, इथे गंज धरतो. छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. छताच्या पन्हळीवर कॅरिअरचे खोल वण आणि मागच्या जमिनीवर ओरखडे असतील तर गाडीने भाजी किंवा सिलिंडर वाहिलेत. सीएनजी असेल तर किट आरसीवर चढवलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. मी मात्र सीएनजी टाळेन, टाकी नेमकी पाय पसरायची जागा खाते.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून आणखी एक. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा हजारो घरांबरोबर कित्येक गाड्याही पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून अजून फिरतायत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतला मातकट असेल, मध्ये एक रेघ दिसत असेल, तर तेवढं पाणी आत होतं. पायाखालची मॅट उचलून हात लावा, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. सुगंधी फवारा फारच मारलेला असेल तर काचा लावून पाच मिनिटं बसा, पुराचा वास येतोच. मला विचाराल तर गाडी पावसाळ्यातच बघा. दारातून, छतातून गळती कुठे आहे ते न विचारता दिसतं, आणि तेव्हा गिऱ्हाईकही कमी असतं.

व्यवहाराच्या वेळी मूळ आरसी हातात घ्या आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. थकलेली ई-चलानं ऑनलाइन दिसतात, ती त्याच्याकडून भरून घ्या. विमा तुमच्या नावावर करायला विसरू नका. पैसे खात्यातूनच द्या, आणि वीस-पंचवीस हजार गाडी तुमच्या नावावर चढेपर्यंत हातात ठेवा. सरळ माणूस याला नाही म्हणत नाही.

गाडी पावणेचारला मिळाली असं धरू. उरलेल्या ७५,०००ला गाडी घेण्याआधी कुणालाही हात लावू देऊ नका. जुन्या गाडीला पहिल्या महिन्यात टायर, बॅटरी, ब्रेक, तेलपाणी, पट्टे लागतातच. सर्वांत आधी टायर. पलंग, गादी आणि पडदे मिळून दहा-पंधरा हजारांच्या आत बसवा. गादी चार इंची घट्ट फोमची घ्या, मऊ गादीवर तुम्हाला उठता येणार नाही.

आणि जी गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण जी तुम्हाला नक्की छळत असेल, ती रात्रीच्या बाथरूमची. सर्जिकल सामानाच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, खाली भांडं निघतं. गाडीमागे उघडलेल्या दाराला एक पडदा लावला की आडोसा होतो. भांडं सकाळी संडासातच रिकामं करायचं, नदीकाठी किंवा शेतात नाही. आश्रमातला भारतीय पद्धतीचा संडास गुडघ्यांना जमत नाही, तिथेही ही खुर्ची उपयोगी पडते. हवेसाठी दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या आणि त्यांवर मच्छरदाणीची जाळी. पंखा चार्जिंगचा, दिवसा गाडी चालताना चार्ज होणारा. मूळ बॅटरीवर रात्रभर पंखा लावलात तर सकाळी गाडी ढकलावी लागेल, आणि ढकलणार कोण?

टोकन दिलंत तशी घाई पुन्हा होऊ नये म्हणून, गाडी घेण्याआधी ओळखीतली एखादी ईको एका रात्रीसाठी मागून घ्या. घरची गादी टाका आणि गोंदवल्याला जाऊन या. प्रसाद तिथे घ्या, झोपा मात्र गाडीत. सकाळी तुम्ही दोघांनी एकमेकांना खरं काय ते सांगायचं. पाठ अवघडली असेल, श्वास कोंडला असेल, तर साडेचार लाख बँकेत राहू द्या आणि परिक्रमा भाड्याच्या साध्या गाडीने, खोलीत पलंग मिळेल तिथे मुक्काम करत करा. पुण्यही तेवढंच आणि गुडघ्यांनाही बरं.

गाडीनेच जायचं ठरलं तर चातुर्मास संपल्यावर, कार्तिकात निघा. थंडी असते, पण ती पांघरुणाने भागते, उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात झोपवणार नाही. साधारण पंधरा-वीस दिवस हाताशी ठेवा. एक गोष्ट ह्यांच्याशी आधीच बोलून घ्या. नर्मदा ओलांडायची नाही हा परिक्रमेचा नियम, म्हणून मुखाजवळ दक्षिण तटावरच्या कठपोरहून उत्तर तटावर मिठी तलाईला नावेने समुद्रातून जातात. गाडी मात्र भरूचच्या पुलावरून फिरवून न्यावी लागते. घरात चालक एकच, म्हणजे ज्यांनी सगळी वाट गाडी हाकली त्यांचीच नाव चुकायची. त्या एका दिवसापुरता कुणीतरी चालक लागेल. मुलाला किंवा भाच्याला भरूचपर्यंत रेल्वेने बोलावून घ्या, त्याच्या हाती गाडी द्या आणि दोघंही नावेत बसा.

डीलरला उद्याच फोन करा. टोकनाची पावती दिली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा आणि परत मागताना ‘आरसीचा वर्ग आणि पाटी जुळत नाही’ हे कारण मेसेजमध्ये लिहूनच कळवा, तोंडी नको. आणि एखादी ईको पसंत पडली की पैसे देण्याआधी तिच्या आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. मी वाचून लगेच कळवेन.